वरच्या खोलीचं पाणी

खोली पाहायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव, गाव, नवरा काय करतो, यातलं काहीही विचारलं नाही. फाटक धरून उभे राहिले आणि म्हणाले, "माहेरचं पाणी कोणतं?"

मला प्रश्न कळला नाही. "मी नागभीडकडची," मी म्हणाले.

"गाव नाई विचारलं. पाणी. विहिरीचं, बोअरचं का तलावाचं?"

"विहिरीचं."

"मचूळ का गोडं?"

"गोडं."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

पुढे ते सगळ्यांनाच हे विचारताना दिसले. कोणाचे केस गळत, कोणाचं मूल रात्रभर रडे, कोणाच्या घरी सासू-सुनेचं पटत नसे. काका सगळं शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "आधी पाणी सांगा, दुखणं मागून सांगा."

मी तेव्हा चंद्रपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले होते. नवरा गडचिरोलीला नोकरीत, सुट्टीला बसने यायचा. घराची पुढची बाजू माझी, मागची काकांची, आणि वर गच्चीला लागून एक खोली होती, तिला कायम कुलूप. काका एकटे. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन नागपूरला. मीच काय, सगळी गल्ली त्यांना काकाच म्हणायची.

ते वीज केंद्रात केमिस्ट होते. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यात क्षार राहिला तर नळ्यांना आतून थर बसतो आणि नळ्या फुटतात. म्हणून त्या पाण्यातून चुना काढायचा, लोह काढायचं, मीठ काढायचं. जे जे म्हणून पाण्यात विरघळलेलं असेल ते काढून टाकायचं, शेवटी निव्वळ पाणी उरलं पाहिजे. काकांनी सारी नोकरी हेच केलं आणि निवृत्त झाल्यावरही त्यांना ते सोडवेना. मागच्या पडवीत दोन उभी नळकांडी बसवून त्यांनी घरच्या बोअरचं पाणी शुद्ध करायची सोय केली होती. ते पाणी ते स्वतः पीत. मला एकदा पेलाभर दिलं. मी म्हटलं, "काका, याला चवच नाही." त्यांना फार आनंद झाला. "नाई ना? ती क्षाराची असते, पाण्याची नसते."

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पिवळ्या कागदाच्या पट्ट्यांची पुडी असे. पट्टी पाण्यात बुडवायची, तिचा रंग बदलतो, त्या रंगावरून पाणी आम्ल का अल्क, म्हणजे त्याचा पीएच, कळतो. सात म्हणजे मधोमध. काका ही पट्टी कशातही बुडवत. वरणात, मठ्ठ्यात, नारळाच्या पाण्यात. माझे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा काका भेटायला आले. मी दोघांना चहा दिला. गप्पा रंगात आल्या असताना काकांनी सासऱ्यांच्या कपात पट्टी बुडवली, उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "मॅडम, चहा जरा आम्ल बाजूला गेला." सासऱ्यांनी कप खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही. लाजेने माझे कान गरम झाले. काका मात्र पट्टी नीट घडी करून खिशात ठेवत होते, जणू कोणाच्या नाडीवर हात ठेवून बाजूला झाले असावेत.

असं असलं तरी वस्तीत त्यांना मोठा मान होता. दर पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जात, पोरांकडून पंचशील म्हणवून घेत. त्यातलं पाचवं शील, नशेपासून दूर राहण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज थोडा चढे. नात्यातल्या एका लग्नात मंडपामागे दारू चालली आहे असं कळलं तर अक्षता न टाकता परत आले होते. खोकल्याचं औषध घेतानाही बाटलीवर अल्कोहोल लिहिलं आहे का ते भिंगातून वाचत. त्यांच्या बोलण्या-वागण्यात एक निर्मळपणा होता. त्याची थोडी धास्तीही वाटायची.

घरात आणखी एक माणूस आहे हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले, तर बाजेवर एक उंच, हडकुळे म्हातारे गृहस्थ बसलेले. भर उन्हाळ्यात गळ्यात मफलर. मला पाहून ते उठले नाहीत, घाबरलेही नाहीत. छान हसले आणि म्हणाले, "तुम्ही त्या कॉलेजातल्या बाई नं? मी रोज ऐकतो तुमचं. भेंडीचं फूल कापून दाखवता ते. मस्त सांगता जी." मी संध्याकाळी घरी शिकवणी घेत असे, ती ते भिंतीआडून ऐकत होते.

ते काकांचे मोठे भाऊ. माजरीच्या कोळसा खाणीत सारं आयुष्य गेलेलं. काका त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणू लागले. काकांनी स्वतः मात्र त्यांची ओळख कधी करून दिली नाही. कोणी आलं की दादा आतल्या खोलीत जात. त्यांना कोणी सांगावं लागत नव्हतं. फाटकाची कडी वाजली की मफलर सावरत उठायचं आणि आत जायचं, इतकी ती सवयीची गोष्ट झाली होती. आत गेल्यावर ते गुणगुणत. तरुणपणी त्यांचा आवाज मोठा होता म्हणे, जयंतीच्या मिरवणुकीत भोंगा लागत नसे. आता गाण्याच्या मध्येच खोकला येई.

मग काका माझ्याकडे पानं आणू लागले.

पहिल्या वेळी कागदात गुंडाळून एकच लांबट, दातेरी कडांचं पान आणलं. कोवळं होतं, पण टोक मुरडलेलं आणि त्यावर तपकिरी ठिपके. "मॅडम, याला काय झालं?"

"कशाचं आहे?"

"झेंडूचं."

झेंडूचं पान साधारण तसंच दिसतं, म्हणून मला शंका आली नाही. "नवीन पान असं मुरडतंय म्हणजे कॅल्शियम कमी पडतंय," मी म्हणाले. "कुंडीत आहे का?"

"पाण्यात. मातीचं काही खरं नसते, तिच्यात काय काय असते कोणाले माहीत. बादलीत पाणी, पाण्यात मुळं, वरून दिवा. माशांच्या टाकीचा पंप लावला हवेसाठी. खत म्हणून एकोणीस-एकोणीस."

हे कृषी केंद्रात मिळणारं, पाण्यात विरघळणारं खत. त्यात नत्र, स्फुरद, पालाश असतं, पण कॅल्शियम नसतं. मी विचारलं, "आणि पाणी कोणतं?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझीच मला कीव यावी. "आपलं. शुद्ध."

"मग तेच कारण आहे, काका. झाडाला चुना लागतो. लोह लागतं. तुम्ही सगळं काढून घेता आणि मग ते उपाशी राहतं. थोडं बोअरचं पाणी मिसळा."

"बोअरचं? सारी नोकरी मी पाण्यातून चुना काढला, मॅडम. आता हातानं टाकू?" ते पान पुन्हा कागदात गुंडाळून निघून गेले. चार दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

त्यानंतर एक दिवस ते स्वतःहून आले. चेहरा उजळलेला. हातात हिरवंगार पान. "पाहा! काही मिसळलं नाई. तेच पाणी, तेच खत. झाडाले सवय लागाची होती फक्त." उत्साहात आले की त्यांची पुस्तकी भाषा सुटायची. मी म्हटलं, छान. मला आश्चर्य वाटलं, पण झाडं कधी कधी आपल्याला खोटं पाडतात.

पण त्यानंतर पुन्हा बिघडलं. आता आलेलं कोवळं पान पिवळं होतं आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, कोणी कोरून काढल्यासारख्या. हे लोहाचं दुखणं. पाण्यात लोह असलं तरी पीएच वर गेला की झाडाला ते घेता येत नाही. पाण्यात वाढणाऱ्या झाडाला सहाच्या आसपास लागतो. मी पीएच विचारला तेव्हा काकांचा चेहरा पडला.

"तेच तर समजून नाई राह्यलं," ते म्हणाले. "मी सकाळी आम्ल टाकून सहावर आणतो. संध्याकाळी पाहतो तर नऊ. पाणी आपल्या मनानं चढते का कधी? काहीतरी येऊन राह्यलं कुठून तरी."

ते कुठून येतं याचा शोध त्यांनी एखाद्या गुन्ह्याच्या तपासासारखा सुरू केला. आधी बादल्यांवर संशय. त्या रंगाच्या रिकाम्या बादल्या होत्या, म्हणून त्या बदलल्या. मग पंपाच्या नळीला लावलेल्या दगडावर. मग हवेवर. चंद्रपुरात गच्चीवर हात फिरवला तर बोटाला राख लागते, आणि ती राख अल्क. काकांनी वरच्या खोलीच्या खिडक्यांच्या फटी कागद चिकटवून बंद केल्या. "आपल्याच केंद्राची राख," ते खिन्नपणे म्हणाले. "मीच केली असंल त्यातली काही." त्यांचं जेवण कमी झालं. वस्तीतल्या लोकांना पाणी विचारणंही थांबलं. साध्या बादलीभर पाण्याने आपल्याला खोटं पाडावं, याची त्यांना शरम वाटत होती, आणि ती ते लपवू शकत नव्हते. झेंडूच्या चार रोपांसाठी एवढं काय, असं मला वाटे. तरी त्यांच्याकडे पाहून हसू येत नसे.

मे महिना होता. कॉलेजला सुट्टी. भर दुपारी वीज गेली आणि थोड्या वेळाने जिन्यावरून दादांची हाक आली. या माणसाने इतका मोठा आवाज काढलेला मी कधी ऐकला नव्हता. "बाई! वर या जी! हा पडला!"

मी धावले. वरच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून भट्टीसारखी धग येत होती. खिडक्या चिकटवलेल्या, कूलर बंद. बादल्यांच्या मधे काका कुशीवर पडले होते, हातात पिवळी पट्टी. आणि त्यांच्या डोक्यावर, चारही बाजूंनी, हाताच्या पंजासारखी पसरलेली पानं. ज्याचं एकेक बोट मला इतके दिवस दाखवलं होतं तो पूर्ण पंजा समोर होता. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. मला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही. तो गांजा होता.

त्या क्षणी काही सुचलं नाही आणि बरंच झालं. आम्ही दोघांनी काकांना काखेत धरून जिन्याच्या सावलीत ओढलं. मी खालून माठातलं पाणी आणलं, ओला टॉवेल डोक्यावर ठेवला, साखर-मीठ घालून पेला ओठाला लावला. त्यांनी तो पट्टी न बुडवता प्यायला. जरा वेळाने ओठ हलले.

"पंप... पंप चालू हाये का?"

"लाइन गेली," दादा म्हणाले.

काकांनी डोळे उघडले आणि त्यांना मी दिसले. मला पाहून त्यांनी डोळे पुन्हा मिटले. चेहऱ्यावर रंग परत आला होता, श्वास नीट चालू होता, पण डोळे उघडेनात. भिंतीकडे तोंड करून तसेच पडून राहिले. मी तिथून उठून जायला हवं होतं असं मला वाटत होतं, आणि आजारी माणसाला सोडून जाता येत नव्हतं. दुसऱ्याची लाज उघडी पडली की पाहणाऱ्याला डोळे कुठे ठेवावेत ते कळत नाही. मी जिन्याच्या पायरीकडे पाहत बसले.

दादांना वाटलं, भावाला झोप लागली. ते हळू आवाजात सांगू लागले.

"हा पेत नाई हां, बाई. याच्यावर असा संशय नका घेऊ. हे माह्यासाठी हाये. मले खदानीतली आदत. तिथी लोडिंगवर सगळेच ओढत. मी टेशनाकडं जाऊन पुडी आणत होतो. एक दिवस धरलं. चौकीत बाकावर बसवून ठेवलं सारा दिवस. याले बोलावलं. तिथला शिपाई याच्याच सोबत काम करणाऱ्याचा पोरगा निंगाला. 'काका, तुम्ही?' म्हणे. हा काही बोललाच नाई. माहा हात धरला अन् घरी आणलं. रस्ताभर माह्या पुढं चालत होता. दुसऱ्या दिवशी माह्या पुडीतल्या बिया चिमट्यानं येचल्या अन् बादल्या घेऊन आला. म्हणे, दादा, तू बाहीर जाऊ नको, बस."

"आणि तुम्ही?"

"माहं सुटलं, बाई." ते हसले. "त्या चौकीतून आलो तवापासून एक दम नाई मारला. आधी लय जीव गेला, जेवण जाईना, मंग सुटलं आपोआप. पण याले सांगू कसं? हा रोज वर बलवे. 'दादा, पाहा, मूळ कसं पांढरं निंगालं.' 'दादा, पाहा, नवीन पान.' आमी लहानपणी बसलो असन तसे, त्याच्यानंतर आताच बसून राह्यलो होतो. मले गोडी लागली त्याची."

ते थांबले. मफलरने तोंड पुसलं.

"पण सकाळी हा खाली पंचशील म्हणते. मले वर आवाज येते. अन् मंग वर येऊन माह्यासाठी हे करते. याले लहानपणापासून माही लाज वाटे, ती मी चालवून घेतली. माहं काही अडलं नाई. पण याले चोर झालेलं पाह्यलं अन् मले माहीच लाज वाटाले लागली, बाई. या वयात. म्हणून मी चुना टाकला."

"कुठे?"

"बादल्याईत. तंबाखूचा. चिमूटभर. वाटलं मरतील झाडं अन् हा सुटन याच्यातून. तर पहिल्यांदा टाकला अन् साली अजूनच हिरवी झाली!"

मला हसू फुटलं आणि मी तोंडावर हात दाबला. माझं कॅल्शियम! त्याच वेळी माझं लक्ष काकांकडे गेलं. मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या.

"किती?" काकांनी डोळे न उघडताच विचारलं.

दादा दचकले. "काय किती?"

"किती टाकत होता?"

"आधी चिमूट. मंग दोन."

"सगळ्याईत?"

"सगळ्याईत."

काका ताडकन उठून बसले. "तरीच!" ते ओरडले. डोळे चमकत होते, घामाने भिजलेला शर्ट अंगाला चिकटलेला, आणि चेहऱ्यावर निर्दोष सुटलेल्या माणसाचा आनंद. "तरीच नऊ! मॅडम, पाहा, शुद्ध पाणी होतं म्हणूनच चढला. बोअरच्या पाण्यात चिमूटभर चुन्यानं काही झालं नसतं. ते पाणी दाबून धरते. आपल्या पाण्याले धरायला काही नाई, म्हणून एका चिमटीत..." ते आळीपाळीने आमच्याकडे पाहत होते. मग बोलणं अर्ध्यावर राहिलं. दादा आपल्या चुनाडबीचं झाकण उघडत होते, लावत होते. काकांचा आनंद चेहऱ्यावरून हळूहळू ओसरला आणि त्याखाली जे होतं ते वर आलं.

"दादा, सुटलं होतं तर सांगितलं काऊन नाई?"

"तू वर बलवाचा बंद झाला असता."

लाइन आली, आत पंप बुडबुडायला लागला आणि काका उठले. रडले नाहीत, रागावले नाहीत. आत जाऊन एकेक झाड मुळासकट उपसून काढलं, कात्रीने बारीक केलं आणि एका ड्रममध्ये कळीचा चुना टाकून त्यात बुडवलं. दादा कात्रीने कापलेलं उचलून देत होते. मी दारात उभी होते. आपण साक्षीदार झालो की भागीदार, हे मला ठरवता येत नव्हतं.

एवढ्यात खाली फाटक जोरजोरात वाजायला लागलं. आम्ही तिघेही गोठलो. मी कठड्यावरून वाकून पाहिलं तर गॅसवाला सिलिंडर घेऊन उभा. "काका, ते पाणी ओतून टाका लवकर," मी म्हटलं. बादल्या अजून भरलेल्या होत्या.

"नऊचं पाणी मी नालीत नाई सोडत," काका म्हणाले. पट्टी बुडवली, थेंब थेंब आम्ल टाकलं, पुन्हा पट्टी. खाली गॅसवाला ओरडतोय, वर हे गृहस्थ गुन्ह्याचा पुरावा सातवर आणतायत. सात आलं, तेव्हा पहिली बादली ओतली. मग दुसरी बादली पुढे ओढली. मी खाली गेले, सिलिंडर घेतला, गॅसवाल्याला विनाकारण पाणी विचारलं, त्यानेही विनाकारण प्यायलं.

त्यानंतर काका माझ्या समोर येईनासे झाले. मी पुढून निघाले की ते मागून जात. बोलायचं झालं तर जमिनीकडे पाहून बोलत. पौर्णिमा आली तेव्हा पांढरे कपडे घालून तयार झाले, फाटकापर्यंत गेले आणि परतले. पोरं बोलवायला आली तर म्हणाले, घसा बसला आहे. मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, मी कोणाला बोलले नाही. बोलणारही नाही." ते म्हणाले, "म्हणूनच त्रास होते, मॅडम. बोलल्या असत्या तर मोकळा झालो असतो."

दादा माजरीला निघून गेले. खाणीतला त्यांचा जुना जोडीदार तिथे राहायचा. त्याचा मुलगा सायकली-मोटारसायकली दुरुस्त करतो. काही दिवस राहून येतो म्हणाले. काकांनी थांब म्हटलं नाही.

दादा पुन्हा त्या घरी आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात माजरीलाच वारले. काका शेवटचे कितीतरी महिने तिथेच त्यांच्यासोबत होते. नंतर त्यांनी चंद्रपूरचं घर मुलीच्या नावे केलं आणि मीही गडचिरोलीला बदलून गेले. हे सगळं नंतरचं. त्याच्या आधीचा एक दिवस मात्र सांगायचा राहिला.

दादा गेल्यानंतर काही आठवड्यांनी काका माझ्या दाराशी आले. "मॅडम, माजरीले चालता का? दादाले घेऊन येऊ. तुम्ही असल्या का माह्या तोंडून दोन शब्द निंगतील."

आम्ही बसने गेलो. दुकान अगदी रस्त्यावर होतं आणि दादा दुकानासमोर, भर रहदारीत, बाज टाकून बसले होते. येणारा-जाणारा त्यांना हाक मारत होता. ते कोणाची चौकशी करत होते, कोणाला शिव्या देत होते. गळ्यातला मफलर तसाच. काकांना पाहून त्यांना इतका आनंद झाला की बाजेवरून उठताना धडपडले. "अरे, इकडं या रे! माहा लहाना भाऊ आला! वीज केंद्रात केमिस्ट होता, मोठा साहेब! याच्या हातचं पाणी म्हणजे आरसा!" दुकानातली पोरं हात पुसत बाहेर आली, पानठेल्यावरचे दोघे-तिघे आले. काका हातात केळ्यांची पिशवी घेऊन उभे. नमस्कार घेत होते, पण मान वर होत नव्हती.

जोडीदाराच्या सुनेने चहा आणला. "चाचाजी रोज आपकी बात करते हैं," ती काकांना म्हणाली. काकांनी कप घेतला आणि तसाच बाजेवर ठेवला.

माणसं पांगल्यावर काका म्हणाले, "दादा, घरी चाल."

"नाई येत रे."

"काऊन?"

दादा हसतच होते. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. "इथी मले कोणी लपवत नाई," ते म्हणाले. "चहा पे, थंडा होते."

काकांनी चहा प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत. मग उठले, दादांच्या पायावर हात ठेवला, आणि आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो.

बस बऱ्यापैकी रिकामी होती. बाहेर कोळशाचे ट्रक जात होते आणि सगळ्या झाडांची पानं काळी होती. काका खिडकीकडे पाहत म्हणाले, "माझ्या लग्नाला दादा नव्हते, मॅडम. मी सांगितलं होतं, येऊ नको म्हणून. सासरचे शिकलेले लोक होते. वरात टेशनासमोरून गेली. ते टेशनाच्या पायरीवर बसले होते. नवीन शर्ट घालून. दुरून पाहाले आले होते फक्त. मी घोड्यावर होतो, मले दिसले." थोडं थांबले. "मी तोंड फिरवलं."



पुढच्या फाट्यावर कोणी तरी उतरत होतं. काका एकदम उभे राहिले. "मॅडम, तुम्ही जा पुढं," म्हणाले आणि उतरले. छत्री सीटवरच राहिली. कंडक्टरने हाक मारली, "ओ भाऊ, छत्री!" त्यांनी ऐकलं नाही. ते आल्या रस्त्याने, उन्हात, माजरीकडे चालू लागले होते. बस सुटायच्या आधी वळण घेण्यासाठी जरा मागे आली. खिडकीतून त्यांचा चेहरा मला अगदी जवळून दिसला असता. मी छत्री मांडीवर घेतली आणि दुसऱ्या बाजूला पाहिलं.